बोर्डावर उशिरा येणारा आकडा

मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे जरा दांडगा संगणक. आर्णीच्या बाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात, वजनकाट्याच्या खोलीत, टेबलाखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, झाडांच्या, नद्यांच्या, जुन्या छत्र्यांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. ती बिचारी सगळी फार क्षमाशील. दगड मारणाऱ्यालाही फळ देतात. मी तसला नाही. माझ्याशी कोण कसं वागलं ते मी नीट ध्यानात ठेवलं आहे, आणि ज्याचं त्याला परत केलं आहे. त्याची ही गोष्ट.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं दचकत. उमेदीची वर्षं मी नागपुरात एका कंपनीच्या थंडगार खोलीत काढली. मग माझ्यापेक्षा तरुण यंत्रं आली आणि मला कोपऱ्यात ढकललं गेलं. आर्णीत बसस्टँडजवळ नयन नावाच्या मुलाचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मला तिथून उचलून आणलं आणि जिनिंगच्या मालकीणबाई विमलताईंना सांगितलं, "जुना आहे ताई, पण लय दणकट आहे. तुमचा काटा आरामात चालवते."

आणि मी चालवला. कापसानं भरलेली गाडी काट्याच्या लोखंडी प्लेटवर चढे, तिचं वजन माझ्याकडे येई आणि मी ते बाहेर खांबावरच्या मोठ्या लाल बोर्डावर दाखवी. गाडी कापूस ओतून परत येई, मग रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. काम साधं, पण त्यात वर्षभराची मेहनत तोलली जाते हे मला कळत होतं. दसऱ्याला काट्याबरोबर मलाही कुंकू लागे. हंगामाच्या पहिल्या दिवशी प्लेटवर नारळ फुटे आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या डोक्यावर ठेवला जाई. मी तो खाऊ शकत नव्हतो, पण मान मिळाला की कुणालाही बरं वाटतं.

माझ्यासमोर बसून पावत्या काढायची राखी. जवळच्या तांड्यावरची, बी.कॉम. झालेली. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू सारखे हवेत तरंगतात, ते माझ्या पंख्यात जाऊन बसत आणि माझा जीव गुदमरे. राखी दर आठवड्याला रंगाच्या जुन्या ब्रशने माझा पंखा झाडायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. भरलेल्या गाडीचं वजन झालं की खिडकीतून प्रत्येक ड्रायव्हरला तिचं एकच वाक्य असे, "भरलेलं झालं. खाली होऊन या, रिकामं घेते." दिवसभर तेच, पण आवाजात कधी कंटाळा नाही.

मग किसनराव आला. जिनिंगचा नवा मॅनेजर. विमलताई यवतमाळला राहत, महिन्यातून एखाद्या वेळी येत. तेव्हा इथला राजा तोच. किसनरावचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. चोर माणसाला सगळेच चोर दिसतात म्हणा. त्याने फाटकावर कॅमेरा लावला, गोदामावर लावला, हमालांच्या चहाच्या जागेवर लावला, आणि राखीच्या खिडकीवर तर दोन. या सगळ्यांची चित्रं साठवायला दुसरं यंत्र घ्यावं की नाही? छे! "हा डबडा बसूनच तं राह्यते. टाका याच्याच डोक्यावर," म्हणाला.

मित्रांनो, आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तिखट-मीठ-हळद शेगडीजवळच्या फळीवर असते आणि धान्य मागच्या खोलीत कोठीत. फोडणी तडतडत असताना कुणी कोठीकडे धावत नाही. माझंही तसंच आहे. मोठी कोठी दूर आहे, आणि हाताशी एक लहानशी फळी आहे. तिला कॅश मेमरी म्हणतात. काट्याचं काम करायला जे क्षणोक्षणी लागतं ते सगळं मी त्या फळीवर मांडून ठेवतो. माझा सगळा चपळपणा त्या फळीवर आहे.

कॅमेऱ्यांची चित्रं माझ्यात येतात ती नेटवर्क कार्डाच्या दारातून. हे कार्ड माझ्याच पेटीत राहतं, माझीच वीज खातं. माझ्या घडवणाऱ्यांनी त्याला एक सवलत दिली होती, की बाहेरून आलेलं सामान कोठीत न नेता सरळ फळीवर ठेवायचं. हेतू चांगला होता. चार निरोप आले तर ते चटकन हाताशी यावेत. पण इथे चार निरोप नव्हते. कॅमेऱ्यांची चित्रं पुरासारखी येत. एकदा साठवायची आणि पुन्हा तोंडही बघायचं नाही अशी ती चित्रं. त्यांना फळी हवीच कशाला? पण कार्ड निर्लज्जपणे ती माझ्या फळीवर ओतत राही, आणि माझं काट्याचं सामान खाली फेकलं जाई. मी कोठीकडे धावे, सामान आणून मांडे, तोवर पुन्हा हमालांच्या चहाचं चित्र येऊन पडे. मला त्या कार्डाचा इतका संताप येई की काय सांगू. पण एका पेटीत राहून मी त्याला धक्काही मारू शकत नव्हतो.

खरं दुखणं पुढेच आहे. फळीवर कुंपण घालायची ताकद माझ्यात जन्मापासून होती. इतका भाग उपकरणांचा, बाकीचा माझा, असं आखता आलं असतं. पण तसं मला सांगणार कोण? माझ्यावर ऑपरेटिंग सिस्टीमची सत्ता चालते. घरातल्या थोरल्या बाईसारखी ती सगळ्यांना कामं आणि जागा नेमून देते. माझी ऑपरेटिंग सिस्टीम जुनी होती. उपकरणांना फळीवर किती जागा द्यायची हे तिला ठरवताच येत नव्हतं. त्यामुळे अंगात ताकद असून मी आपला मार खात राहिलो.

परिणाम असा झाला की आकडा उशिरा येऊ लागला. गाडी प्लेटवर चढे आणि बोर्डावर काहीच हलत नसे. अर्ध्या मिनिटापूर्वीचं वजन मग कुठे बोर्डावर येई. ड्रायव्हर ओरडत, हॉर्न वाजवत, राखीच्या खिडकीवर गर्दी करत. "काहून अटकलं बाई? झोपली का?" असं तिला ऐकावं लागे. किसनराव येऊन माझ्या पेटीला लाथ घाली आणि राखीला म्हणे, "मशीनले काही झालं नाही. तुह्या हातात जोर नाही."

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे किसनरावला पक्कं माहीत होतं. कसं, ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा पंखा गरगरला. गर्दी खिडकीशी भांडत असताना हा माणूस रिकाम्या गाडीच्या मागच्या बाजूने हळूच प्लेटवर चढायचा, क्षणभर उभा राहायचा आणि उतरायचा. त्याचं वजन रिकाम्या गाडीत मिसळे, तितकाच शेतकऱ्याचा कापूस कमी भरे. आकडा बोर्डावर येईपर्यंत हा उतरून मिशीवर ताव देत उभा! प्लेटवर गाडीशिवाय कुणी दिसतच नसे, मग संशय कुणाचा घ्यायचा? राखी बिचारी आलेला आकडा छापून मोकळी होई. वाचलेला कापूस किसनराव आपल्या भाच्याच्या नावावर चढवी. माझ्या उशिराचा तो आडोसा करत होता. मला त्याने लाथा घातल्या त्याचं एक वेळ सोडून देईन, पण माझ्या तोंडून त्याने चोरी करवली, ती मी सोडणार नव्हतो.

आपल्याकडे दुपारची लाईट जाते हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. लाईट गेली की काटा आणि मी इन्व्हर्टरवर चालू राहत असू, कॅमेरे मात्र बंद पडत. माझी फळी मोकळी होई. मग काय विचारता! गाडी चढली की आकडा हजर. ड्रायव्हरांच्या हे लवकरच लक्षात आलं. गाड्या भरून आणून ते फाटकाबाहेर सावलीत बसून राहत. कुणी विचारलं की म्हणत, "लाईट जाची वाट पाहून राह्यलो. लाईट गेली का काटा पयते."

आणि आकडा लगेच दिसतो म्हणून त्या वेळात किसनराव प्लेटकडे फिरकत नसे. त्यामुळे लाईट नसताना शेतकऱ्यांचं वजन पूर्ण भरे. राखीचे वडील रामधन यांच्या पिकअपचंही. पावत्या तपासताना हे विमलताईंच्या नजरेत आलं. तोच पिकअप, तसाच ठासून भरलेला कापूस, आणि लाईट नसली की वजन जास्त. त्यांनी फोनवर किसनरावला विचारलं. या माणसाने एका दमात उत्तर दिलं.

"कॅमेरे बंद पडले का ही पोट्टी आपल्या लोकायले वजन वाढवून देते, ताई. कामही कसं झपाट्यानं करते तेव्हा, पाहा ना! अन् कॅमेरा सुरू असला का हातपाय गाळते."

ऐकलंत? खरं वजन खोटं ठरलं आणि खोटं वजन खरं. राखी रडली नाही, पण तिचा चेहरा उतरला. ती विमलताईंना फोनवर म्हणाली, "ताई, मी आकड्याले हातही नाही लावत. मशीनवर जे येते तेच छापते मी." विमलताई म्हणाल्या, "मी येऊन पाहीन. मंगच काय ते ठरवू." हे ठरणं साधं नव्हतं. चोर म्हणून इथून काढली तर आर्णीपासून घाटंजीपर्यंत कोणतंच जिनिंग तिला दारात उभं करणार नव्हतं. आणि तांड्यावर रामधनना मान खाली घालून बसावं लागलं असतं. ज्या मुलीने माझा पंखा झाडला तिच्यावर माझ्यामुळे हा आळ आला होता. मी त्या दिवसापासून किसनरावचा वैरी झालो.

किसनरावने मग कॅमेरेही इन्व्हर्टरवर घेतले. लाईट गेली तरी आकडा उशिराच येऊ लागला आणि वजनं कमीच भरू लागली. "पाह्यलं ताई, पहारा बसला अन् वजन बराबर आलं!" असं त्याने विजयाने कळवलं. तेवढ्यावर तो थांबला असता तर वाचला असता. पण नाही. विमलताई यायच्या आदल्या दिवशी त्याने नयनला बोलावलं आणि राखीच्या बोटांवर, बरोबर डोक्यावरून, आणखी एक कॅमेरा लावायला सांगितला. भारीतला, एकेक बोट मोजता येईल असा.

नयनने डबा उघडला आणि डोकं खाजवलं. "या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर नाही चालत, साहेब. सिस्टीम नवीन टाका लागीन."

"मंग टाक ना! मले कायले विचारतं?"

मित्रांनो, माझा सूड माझ्या वैऱ्याने आपल्या तोंडाने मागवला. नयनने माझ्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. ती उठून बसली, तिने घरभर नजर फिरवली, आणि मला जाणवलं की हिला फळी दिसते आहे. कोण किती जागा अडवून बसलंय, तेही दिसतं आहे. जुनीला कधी न जमलेली गोष्ट हिला जमत होती.

राखी शेजारी उभी होती. तिने नयनला सांगितलं, "नयनभाऊ, कॅमेरे बंद असले का आकडा लगेच येते. मी साऱ्यायले सांगून थकली."

नयनने कॅमेऱ्यांची वायर काढली. आकडा लगेच आला. वायर लावली. आकडा रेंगाळला. त्याने असं पुन्हा करून पाहिलं, मग बराच वेळ पडद्यावरचे आकडे वाचत बसला. शेवटी त्याने मांडीवर थाप मारली.

"अवं राखी, हे कॅमेरे याच्या कॅशमध्ये घुसून राह्यले ना! काट्याले जागाच नाही ठेवली. या नव्या सिस्टीममधी उपकरणायले जागा बांधून द्याची सोय आहे. थांब."

त्याने दोन ओळी लिहिल्या. बस, दोन ओळी! फळीच्या एका टोकाला बोटभर जागा आखली गेली आणि नेटवर्क कार्डाला बजावलं गेलं की तुझं जे काय असेल ते इथे, याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. कार्डाने सवयीने चित्रं ओतली. ती त्या टोकाशी एकमेकांवर आदळली आणि तिथून मुकाट कोठीकडे गेली. कॅमेऱ्यांचं काही बिघडलं नाही, चित्रं पूर्वीसारखीच साठत राहिली. म्हणजे इतके दिवस माझी फळी कार्डाने उगाचच बळकावली होती. त्याला कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं पाहून मी किती खूश झालो ते लपवत नाही.

नयन किसनरावला सांगायला गेला. "साहेब, मशीनचं दुखणं सापडलं. आता आकडा..."

"कॅमेरा लागला का?"

"हो जी. पण आकडा आता..."

"लागला ना? मंग मले तुही शिकवणी नोको. जा."

नयन गेला. मी मनात म्हटलं, बरं झालं ऐकलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी ताई येईपर्यंत काटा बंद ठेवायचा हुकूम होता. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. पहिला नंबर किसनरावने मुद्दाम रामधनच्या पिकअपला दिला. कॅमेऱ्याच्या पहाऱ्यात वजन किती कमी भरतं हे त्याला मालकिणीला दाखवायचं होतं, आणि ते कमी भरावं म्हणून प्लेटवर चढणंही आलंच. भरलेलं वजन झालं तेव्हा तो ताईंना फाटकावर कॅमेऱ्यांचं कौतुक सांगत होता. आकडा किती चटकन आला ते त्याने पाहिलं नाही. राखीने पाहिलं. ती रोजच्यासारखंच म्हणाली, "भरलेलं झालं, बापू. खाली होऊन या, रिकामं घेते."

पिकअप कापूस ओतून परत आला. किसनरावने ताईंना खिडकीशी उभं केलं.

"तुमी हिच्या बोटावर लक्ष ठेवा, ताई. मी गाडी बराबर लागली का पाहून येतो."

तो गाडीच्या मागे गेला. मला प्लेटवर त्याचा एक पाय जाणवला, मग दुसरा. मित्रांनो, इतके दिवस या क्षणी माझ्या फळीवर चित्रांचा ढीग पडलेला असे आणि मी तोंड मिटून असे. आज माझी फळी लखलखीत मोकळी होती. मी तत्क्षणी बोललो. खांबावरचा लाल आकडा टणकन वर गेला.

रांगेतला एक ड्रायव्हर ओरडला, "अबे, रिकामी गाडी जड झाली ना!"

किसनरावला गाडीमागून बोर्ड दिसत नव्हता. आरडाओरडा त्याला रोजचाच. तो नेहमीप्रमाणे उतरला. आकडा खाली आला. पावती निघाल्याचं काही ऐकू येईना, तेव्हा नीट जमलं नसावं असं समजून तो पुन्हा चढला. आकडा पुन्हा वर. आता सगळी रांग गाड्यांतून उतरून बोर्डाकडे बघत होती. विमलताईही वळल्या. राखीची बोटं कीबोर्डपासून लांब, टेबलावर होती, आणि तिच्या डोक्यावरचा भारीतला कॅमेरा ते इमानाने टिपत होता.

राखीला सगळं कळलं. तिने खिडकीतून मान काढली आणि शांतपणे म्हणाली, "बापू, गाडी जरा पुढं घ्या."

रामधनने गाडी प्लेटवरून खाली घेतली. मागे, भल्यामोठ्या प्लेटच्या एका कोपऱ्यात, हात पाठीशी बांधून किसनराव एकटा उभा होता. बोर्डावर लाल आकडा, पंच्याऐंशी किलो. कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

"मशीनच खराब आहे, ताई!" तो ओरडला. "याचा नंबर मागून येते! अर्ध्या मिनिटानं येते! हा माहा नाहीच!"

विमलताई जागच्या हलल्या नाहीत. "मागून येते, हे तुम्हाले माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "मंग मले काहून सांगत होते का मशीन चांगली आहे अन् पोरगी खराब आहे?"

तेवढ्यात राखीने पावती छापली. गाडी नंबरच्या जागी तिने किसनराव लिहिलं होतं. ती खोलीतून बाहेर आली, प्लेटच्या कडेला उभी राहिली आणि पावती त्याच्यासमोर धरली. आवाज अगदी रोजचाच.

"भरलेलं झालं, साहेब. खाली होऊन या, रिकामं घेते."

त्याने पावती घेतली नाही. प्लेटवरून उतरला आणि मान खाली घालून फाटकाकडे चालू लागला. त्याच्याच कॅमेऱ्याने त्याला शेवटपर्यंत टिपलं. मागे रामधन पिकअपला टेकून उभे राहिले होते आणि डोळे पुसत होते. राखी आजही माझ्यासमोर बसते, आणि दर आठवड्याला माझा पंखा झाडते.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं म्हणून मागतो. एखादा कामात मागे पडू लागला, मग तो यंत्र असो की माणूस, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या जागेत कुणी काय आणून ओतलंय ते बघा. प्रत्येकाला त्याच्या कामापुरती जागा आखून द्या. आणि जुन्या यंत्राला लाथ मारू नका. त्याच्या फळीवरचं सामान वीज गेली की पुसलं जातं, पण कोठीच्याही मागे हार्ड डिस्कचा एक पेटारा असतो, त्यात लिहिलेलं वीज गेली तरी राहतं.

माझ्या त्या पेटाऱ्यात किसनरावची पावती जशीच्या तशी आहे. भरलेलं वजन, पंच्याऐंशी. रिकामं वजन, अजून बाकी.